चॅनेल उथळ करण्याआधी तापाचा दिवस विचारा

ऐरोलीच्या ज्या विद्यार्थिनीने हा प्रश्न विचारलाय, तिची अडचण आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टसाठी चौघांनी मिळून डेंग्यूची आयजीएम अँटीबॉडी (संसर्गानंतर शरीर आधी बनवतं ते प्रथिन) ओळखणारी पीडीएमएसची, म्हणजे पारदर्शक रबरासारख्या सिलिकोनची, मायक्रोफ्लुइडिक चिप (अतिबारीक नळ्यांतून द्रव नेणारी) बनवली आहे. चॅनेलची खोली १०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग. तळाला डेंग्यूचं अँटिजेन (अँटीबॉडी ज्याला धरते ते विषाणूचं प्रथिन) चिकटवलेलं, त्यावरून नमुना सोडायचा, मग एंझाइम जोडलेली दुसरी अँटीबॉडी, शेवटी टीएमबी (एंझाइममुळे निळं होणारं रसायन) घालून येणारा निळा रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोजायचा. विकत आणलेली अँटीबॉडी बफरमध्ये (स्वच्छ क्षारद्रावणात) मिसळून चालवली तेव्हा १५ मिनिटांत छान रंग आला. मग ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमधून ‘डेंग्यू पॉझिटिव्ह’ म्हणून १२ सीरम (गोठलेल्या रक्तातून वेगळा झालेला द्रव) मिळाले. त्यांतले ५ पॉझिटिव्ह आले, ७ निगेटिव्ह. गटातल्या दोघांनी बोट टोचून स्वतःचं रक्त चिपवर टाकलं. दोघेही ठणठणीत, तरी दोघांचंही रीडिंग फिकट पॉझिटिव्ह. गाइड सर म्हणतात, चॅनेल ५० मायक्रॉनची करा, संवेदनशीलता वाढेल. करावी का?

माझं उत्तर: नको, निदान आत्ता तरी नको. मी गेली २१ वर्षं रबाळे-महापे पट्ट्यात तपासणी किट बनवण्याचं काम करते. आधी साध्या स्ट्रिप, आता चिपवर चालणाऱ्या कार्ट्रिज. तुमची चिप मी पाहिलेली नाही, अँटिजेन कुठलं वापरलंय तेही प्रश्नात नाही, त्यामुळे पुढचं काही अंदाजाने लिहिते आहे. पण प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत तुम्ही जाता जाता लिहिलंय की लॅबने हे नमुने ‘एनएस-१’ वर पॉझिटिव्ह ठरवले होते. माझ्या मते सातपैकी बऱ्याच निगेटिव्हचं कारण त्या एका ओळीत आहे, आणि त्याचा चॅनेलच्या खोलीशी काही संबंध नाही.

एनएस-१ हे विषाणूचं प्रथिन. ताप आल्याच्या पहिल्या दिवसापासून ते रक्तात सापडतं आणि साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत टिकतं. आयजीएम हे आपल्या शरीराचं उत्तर, आणि ते द्यायला शरीराला वेळ लागतो. बहुतेक रुग्णांत आयजीएम मोजण्याइतकं व्हायला चौथा-पाचवा दिवस उजाडतो. म्हणून तर आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ आणि पाचव्या दिवसापासून आयजीएम अशी विभागणी आहे. आता विचार करा, एनएस-१ पॉझिटिव्ह म्हणून बाजूला काढलेले नमुने कोणाचे असतील? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे आलेल्यांचे. त्यांच्या रक्तात विषाणू आहे, पण तुमची चिप जे शोधते आहे ते अजून तयारच झालेलं नाही. जे नाही ते चिपने ‘नाही’ म्हटलं, तर ती चूक कशी?

उरलेल्या काही निगेटिव्हचं कारण याच्या उलट असू शकतं. मुंबई-ठाण्याच्या मोठ्या माणसांपैकी पुष्कळांना डेंग्यू एकदा होऊन गेलेला असतो, अनेकदा न कळता. दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकाराचा डेंग्यू झाला की शरीर जुन्या आठवणीवर आयजीजी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची, दीर्घकाळ टिकणारी अँटीबॉडी, झपाट्याने बनवतं, आणि आयजीएम मात्र कमी किंवा जवळपास नसल्यासारखंच राहतं. अशा रुग्णात तुमच्या रचनेची दुहेरी पंचाईत होते. तळाला चिकटवलेल्या अँटिजेनवर आयजीजी आणि आयजीएम दोन्ही बसायला धावतात, आयजीजी संख्येने जास्त असल्याने जागा अडवतं, आणि तुम्ही शोधताय त्या आयजीएमला बसायला जागाच उरत नाही.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. २०१९च्या सप्टेंबरात आमच्या कळव्याच्या घरी सासूबाईंना ताप आला. तिसऱ्या दिवशी मी घरातच आयजीएमची स्ट्रिप केली. निगेटिव्ह आली. मी सगळ्यांना सांगितलं, साधा व्हायरल आहे, काळजी नको. सहाव्या दिवशी त्यांना उभं राहवेना. दवाखान्यात प्लेटलेट ३८ हजारांवर आलेल्या, आणि तीच स्ट्रिप आता गडद पॉझिटिव्ह. त्या बऱ्या झाल्या, पण मधले तीन दिवस माझ्या एका वाक्यामुळे घर निश्चिंत राहिलं. स्ट्रिपमध्ये दोष नव्हता. तिला काय विचारायचं आणि केव्हा, ते मी चुकले होते. त्यानंतर आमच्या प्रत्येक चाचणीच्या नोंदवहीत नमुन्याच्या क्रमांकाशेजारचा पहिला रकाना ‘तापाचा दिवस’ हाच आहे.

आता चॅनेलकडे येऊ, कारण गाइड सरांच्या म्हणण्यात तथ्य आहे, फक्त ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. मायक्रोफ्लुइडिक्सची खरी कमाई अंतरात आहे. इतक्या बारीक नळीत द्रव घुसळत नाही, थरावर थर असा सरळ वाहतो. त्यामुळे अँटीबॉडीला तळाशी पोचायचं तर स्वतःच्या विसरणाने, म्हणजे इकडेतिकडे भटकतच पोचावं लागतं, आणि त्याला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. एलायझा (प्रयोगशाळेतली नेहमीची अँटीबॉडी चाचणी) करायच्या प्लेटच्या खाचेत १०० मायक्रोलीटर द्रव घातलं की त्याची उंची सुमारे ३ मिलिमीटर होते. आयजीजीचा रेणू स्थिर पाण्यात तेवढं अंतर केवळ भटकत कापायला ३० तास घेईल. प्रत्यक्षात प्लेट हलते, द्रवात प्रवाह होतात, म्हणून तासाभरात भागतं. तोच रेणू १०० मायक्रॉन साधारण दोन मिनिटांत कापतो आणि ५० मायक्रॉन अर्ध्या मिनिटात. आयजीएमचा रेणू सहापट जड, तो यापेक्षा संथ, पण हिशोब तोच.

म्हणजे तासाचं काम मिनिटांवर आणायची उडी तुम्ही १०० मायक्रॉनवरच मारलेली आहे. ५० वर जाऊन वाचेल ते दीड-दोन मिनिटं. त्यासाठी मोजाल काय? रुंद, उथळ चॅनेलमध्ये प्रवाहाला होणारा विरोध खोलीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. खोली निम्मी केली की तेवढाच प्रवाह ठेवायला दाब आठपट लागतो. आठपट दाबावर पीडीएमएस आणि काच यांचा जोड सुटायला लागतो, बारीकशी गुठळी किंवा धूळ अडकली की चॅनेल बंद, आणि बुडबुडा शिरला तर तो बाहेर काढणं मुश्किल. रंगाचंही असंच आहे. निळा रंग तळावर बसलेल्या एंझाइममधून येतो. खोली निम्मी झाल्याने तळाचं क्षेत्रफळ वाढत नाही, म्हणून वरून कॅमेऱ्याला दिसणारा रंगही दुप्पट होत नाही. शिवाय निम्म्या घनफळात नमुनाही निम्मा, म्हणजे पकडायला अँटीबॉडीही निम्म्याच. सतत प्रवाह ठेवून जास्त नमुना फिरवलात तर गोष्ट थोडी बदलते, पण मग वाचलेला वेळ तिथे खर्च होतो.

चिप रसायनाला घाई करू शकते, शरीराला नाही. तिसऱ्या दिवशी नसलेलं आयजीएम १० मायक्रॉनच्या चॅनेलमध्येही सापडणार नाही.

या क्षेत्रातल्या यशस्वी कामांकडे या नजरेने पाहिलंत तर एक गोष्ट लक्षात येईल. कोलंबिया विद्यापीठातल्या सॅम्युअल सिया यांच्या गटाने बनवलेली ‘एमचिप’ रवांडात तपासली गेली आणि तिचे निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. साच्यात ओतलेलं स्वस्त प्लास्टिक, एका बारीक नळीत हवेच्या बुडबुड्यांनी वेगळी ठेवलेली ओळीने सगळी रसायनं, आणि सोन्याच्या कणांवर चांदी चढवून वाढवलेला संकेत. रक्त लागायचं एक मायक्रोलीटर. पुढे २०१५ मध्ये त्याच गटाने मोबाइलला जोडायचं छोटं यंत्र केलं, बोटाच्या थेंबातून १५ मिनिटांत निकाल देणारं. त्यातली कल्पकता तर आहेच, पण मला त्यांची आजाराची निवड जास्त शिकवून जाते. त्यांनी एचआयव्ही आणि सिफिलिस निवडले. एचआयव्हीची अँटीबॉडी सुरुवातीच्या काही आठवड्यांनंतर एकदा तयार झाली की जन्मभर राहते. गरोदर बाईची तपासणी आज केली काय किंवा पुढच्या मंगळवारी केली काय, उत्तर बहुधा तेच. तिथे अँटीबॉडी शोधणं म्हणजे आजार शोधणंच. डेंग्यूत आयजीएम उशिरा येतं आणि दोन-तीन महिने रेंगाळतं, म्हणजे आत्ताचा ताप वेगळाच असला तरी मागच्या महिन्याच्या डेंग्यूचं आयजीएम दिसू शकतं. हाच धडा आपल्याकडे कोविडमध्ये मिळाला. एप्रिल २०२० मध्ये आयात केलेल्या रॅपिड अँटीबॉडी किटचे निकाल राज्याराज्यांत इतके वेगवेगळे आले की आयसीएमआरला त्यांतली काही किट वापरू नका असं सांगावं लागलं. त्यानंतर महिन्याभरात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ‘कवच’ ही आयजीजी एलायझा तयार केली आणि ती सर्वेक्षणासाठी, म्हणजे किती लोकांना होऊन गेला हे पाहण्यासाठी, उपयोगी पडली. अँटीबॉडी हा तोच रेणू, पण त्याला कुठला प्रश्न विचारला यावर तो उपयोगी की दिशाभूल करणारा हे ठरलं.

आता ते दोन ठणठणीत मित्र. मला इथली गडबड सातही निगेटिव्हपेक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण ही चिपची स्वतःची आहे. माझा पहिला संशय हिमोग्लोबिनवर. लॅबमधून आलं ते सीरम होतं, मित्रांचं मात्र बोटातलं आख्खं रक्त. तुमचं एंझाइम पेरॉक्सिडेज आहे, रंगद्रव्य टीएमबी. हिमोग्लोबिन स्वतःच पेरॉक्सिडेजसारखं वागतं, त्यामुळे फुटलेल्या लाल पेशींचा अंश चॅनेलमध्ये राहिला तर अँटीबॉडी असो-नसो, निळसर झाक येणारच. दुसरा संशय तुमच्या दुसऱ्या अँटीबॉडीवर. बाटलीवर ‘अँटी-ह्यूमन आयजीएम’ लिहिलंय म्हणून ती फक्त आयजीएमच ओळखते असं नाही. आयजीएम आणि आयजीजी दोघांच्या हलक्या साखळ्या सारख्याच असतात. बाटलीवर ‘म्यू-चेन स्पेसिफिक’ (फक्त आयजीएमच्या जड साखळीला धरणारी) असं स्पष्ट नसेल तर ती जुन्या डेंग्यूचं आयजीजीही पकडून दाखवेल, आणि ठाण्यात वाढलेल्या विशीतल्या मुलाच्या रक्तात जुनं डेंग्यू आयजीजी असणं अगदी शक्य आहे. तिसरा संशय ब्लॉकिंगवर, म्हणजे तळाच्या रिकाम्या जागा आधीच झाकून टाकण्यावर. बफरमध्ये तुमची एकटीच अँटीबॉडी होती. माणसाच्या सीरममध्ये दर मिलिलीटरला सुमारे १० मिलिग्रॅम तर आयजीजीच असतं, बाकीची प्रथिनं वेगळी. पीडीएमएसला पाणी आवडत नाही, प्रथिनं मात्र त्याला घट्ट चिकटतात. जिथे ब्लॉकिंग अपुरं, तिथे वाटेल ती अँटीबॉडी बसते.

हे तीन संशय वेगळे करायला एक संध्याकाळ पुरेल. त्याच मित्रांचं रक्त दुसरी अँटीबॉडी न घालता चालवा. तरी रंग आला तर हिमोग्लोबिन. तो नाही आला तर अँटिजेन न लावलेल्या, फक्त ब्लॉक केलेल्या चॅनेलमध्ये दुसऱ्या अँटीबॉडीसह चालवा. तिथे रंग आला तर ब्लॉकिंग कमी पडतंय. तिथेही नाही आणि अँटिजेनवर मात्र येतो, तर अँटिजेनवर खरोखर काहीतरी बसतंय, आणि मग म्यू-चेनची बाटली आणून पुन्हा करा. यापुढे प्रत्येक चिपवर अँटिजेन नसलेलं एक शेजारचं चॅनेल कायमचं ठेवा आणि त्याचं रीडिंग वजा करा. आमच्याकडे अशा ‘रिकाम्या’ चॅनेलशिवाय एकही आकडा नोंदवला जात नाही.

एक विनंती मनापासून करते. मित्रांचं रक्त वापरण्याआधी आणि लॅबचे नमुने घेण्याआधी कॉलेजच्या किंवा जोडलेल्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीकडे लेखी परवानगीसाठी जा. नावं काढलेले, उरलेले नमुने असले तरी जा. आणि प्रयोगातल्या चिपचा निकाल कुणालाही ‘तुझा रिपोर्ट’ म्हणून सांगू नका, सासूबाईंच्या वेळी मी सांगितला तसा.

आतापर्यंतचं एवढंच: निगेटिव्हचं मूळ बहुधा नमुन्याच्या वेळेत आणि आयजीजीच्या गर्दीत, फिकट पॉझिटिव्हचं मूळ तळाच्या रसायनात. चॅनेलची भूमिती दोन्हीकडे निर्दोष आहे.

मग बदलायचं काय? मी तुमच्या जागी असते तर रचना उलटी केली असती. तळाला डेंग्यूचं अँटिजेन लावायचं नाही, माणसाचं आयजीएम पकडणारी अँटीबॉडी लावायची. नमुन्यातलं आयजीएम, सगळ्या प्रकारचं, तिथे अडकतं आणि आयजीजी धुऊन जातं. मग डेंग्यूचं अँटिजेन सोडायचं, ते फक्त डेंग्यूच्या आयजीएमला धरेल, आणि वर एंझाइम लावलेली डेंग्यूविरोधी अँटीबॉडी. हीच मॅक-एलायझाची पद्धत, पुण्याच्या संस्थेची किटं याच तत्त्वावर चालतात. एक टप्पा वाढतो, पण गर्दीचा प्रश्न मुळातच मिटतो. मात्र नमुना पातळ केल्याशिवाय सोडू नका. रक्तात इतर आयजीएमही भरपूर असतं, तळाच्या जागा त्यानेच भरून जातात. १:१०० पासून सुरुवात करा आणि तिथून कमी-जास्त करत तुमच्या चिपला मानवेल तो आकडा शोधा. अँटिजेन निवडताना लक्षात ठेवा की डेंग्यू, झिका आणि जपानी मेंदूज्वर हे एकाच कुळातले विषाणू आहेत. त्यांच्या आवरण-प्रथिनाचा एक भाग जवळजवळ सारखा असतो आणि तिथेच गोंधळ होतो. झिका आपल्या राज्यात २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या बेलसर गावात सापडला, त्यामुळे हा प्रश्न आता कागदावरचा राहिलेला नाही.

पावसाबद्दलही सांगायला हवं, कारण डेंग्यूचा मोसम आणि आपल्या हवेतली ओल एकाच वेळी येतात. प्लाझ्मा दिलेल्या (विद्युतभारित वायूने पाणी ओढणारा केलेल्या) पीडीएमएसचा पाणी ओढण्याचा गुण काही दिवसांत ओसरतो, म्हणजे सोमवारची चिप शुक्रवारी वेगळी वागते. वाळवलेल्या अँटीबॉडीचं ओलीशी तर वैरच. मी एका ठिकाणी काम करत असताना जुलैमध्ये एका रात्री सीलिंगच्या खोलीतला डीह्युमिडिफायर बंद राहिला. सकाळी कुणाला काही वेगळं दिसलं नाही, पाकिटं बंद झाली, माल गेला. तीन आठवड्यांनी तक्रारी यायला लागल्या: कंट्रोल रेष (चाचणी नीट चालली हे दाखवणारी) फिकट. हजारो स्ट्रिप परत आणून नष्ट कराव्या लागल्या. तुम्ही चिप झिपच्या पिशवीत ठेवत असाल तर ते आजच थांबवा. अॅल्युमिनियमचं पाकीट, आत सिलिका जेल, आणि पाकिटावर चिप केल्याची तारीख. बफरमध्ये जुळलेले तुमचे आकडे कोरड्या दिवसांतले असतील तर ते भर पावसात एकदा पुन्हा घ्या.

आकड्यांबद्दल दोन गोष्टी, कारण तुम्ही लिहिलंय की एवढं सुधारलं की आसपासच्या फॅमिली डॉक्टरांना देऊन पाहायचं. समजा ३० नमुने तपासले आणि तीसच्या तीस बरोबर आले. आनंद व्हायला हरकत नाही, पण तेवढ्यावरून फक्त इतकंच म्हणता येतं की खरी चूक १० टक्क्यांपर्यंत असू शकते. शून्य चूक दिसली तर तीनला नमुन्यांच्या संख्येने भागायचं, हा जुना ठोकताळा. ३०० नमुन्यांवर तीच चूक १ टक्क्यावर येते. दुसरी गोष्ट मोसमाची. धरून चला की चिप १०० पैकी ९० डेंग्यू पकडते आणि डेंग्यू नसलेल्या १०० पैकी ९५ जणांना बरोबर निगेटिव्ह म्हणते. ऑगस्टमध्ये १००० तापाच्या रुग्णांत ३०० डेंग्यूचे असतील तर २७० खरे पॉझिटिव्ह, ३५ खोटे. डॉक्टर विश्वास ठेवू शकतो. एप्रिलमध्ये १००० त डेंग्यूचे २०च असतील तर १८ खरे आणि ४९ खोटे. तीच चिप, तेच हात, आणि चारातले जवळपास तीन पॉझिटिव्ह चुकीचे. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात रॅपिड चाचणीचा पॉझिटिव्ह ‘संभाव्य’ धरतात आणि एलायझाने पक्का करतात. डॉक्टरांच्या टेबलावर चिप ठेवण्यात नियमाचाही भाग आहे: २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू आहेत, आणि नुसत्या चाचणीसाठी थोड्या चिप बनवायच्या तरी एमडी-१३ परवाना लागतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला अभ्यास वेगळा, बाहेर देणं वेगळं.

पीडीएमएस सोडून प्लास्टिकवर जायचा विचार पुढच्या वर्षी करा. वागळे इस्टेटमध्ये आणि आमच्या पट्ट्यात साचे करणारे कुशल लोक आहेत, पण साचा महाग पडतो आणि एकदा केला की रसायन बदलायची मोकळीक जाते. सिलिकॉनवरचा नवा मास्टर (ज्यावर पीडीएमएस ओततात तो मूळ साचा) हवा असेल तर पवईच्या आयआयटीतली नॅनोफॅब्रिकेशनची सोय बाहेरच्या संशोधकांनाही मिळू शकते, गाइड सरांकरवी अर्ज करून पाहा.

नवे नमुने घ्याल तेव्हा लॅबला ‘पॉझिटिव्ह द्या’ असं म्हणू नका. दुसऱ्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंतचे, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह मिसळलेले, चिकुनगुनिया आणि टायफॉइडचेही द्या म्हणा, आणि प्रत्येकावर ताप सुरू झाल्याची तारीख मागा. लॅबकडे बहुतेक वेळा ती नसते. ती रुग्णाच्या डॉक्टरकडे असते, आणि डॉक्टरला फोन करायला दोन मिनिटं लागतात.

आणि ते सात निगेटिव्ह सीरम अजून फ्रीजरमध्ये असतील तर टाकून देऊ नका. त्यांचं आयजीएम आणि आयजीजी दोन्ही एलायझावर करून घ्या, शेजारी तापाचा दिवस लिहा आणि सातही ओळी इथे टाका. तुमच्या चिपने त्यांतल्या किती जणांच्या बाबतीत खरंच चूक केली, ते मला तुमच्याइतकंच जाणून घ्यायचंय.